वृत्तपत्रे आणि राजकीय असंतोष : ‘केसरी’च्या काळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृत्तपत्रामुळे क्रांती होते का, हा प्रश्न मोघमपणे विचारला की उत्तरही मोघमच मिळते. म्हणून तो येथे एका ठरावीक काळापुरता आणि प्रदेशापुरता घेतला आहे. १८८१ साली पुण्यात ‘केसरी’ सुरू झाला तेव्हापासून १९१० च्या प्रेस कायद्यापर्यंतची सुमारे तीस वर्षे आणि त्या काळातील मराठी वृत्तपत्रे हा या प्रश्नोत्तरांचा मुख्य विषय आहे. त्यापुढचा काळ गरजेपुरताच आला आहे.

वृत्तपत्र असंतोष निर्माण करते, की लोकांत आधीच असलेला असंतोष फक्त छापते?

या दोन्हींपैकी एकही वर्णन पुरेसे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाचे उदाहरण घेतले म्हणजे ते का पुरेसे नाही हे कळते. पावसाने दगा दिला, पीक बुडाले आणि तरीही शेतसाऱ्याची मागणी आली. आपले हाल शेतकऱ्याला कोणी छापून सांगण्याची गरज नव्हती. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की सरकारनेच तयार केलेल्या ‘फॅमिन कोड’मध्ये अशा वेळी सारा तहकूब करण्याची, त्यात सूट देण्याची आणि दुष्काळी कामे काढण्याची तरतूद होती. केसरीने ती तरतूद सोप्या मराठीत मांडली, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगावी जाऊन ती समजावून दिली, आणि पीक बुडाले असेल तर घरदार विकून सारा भरू नका, असे केसरीने उघडपणे लिहिले.

यात नवे काय घडले? दैव म्हणून सोसलेली गोष्ट हक्काची बाब झाली, आणि तिचा जाब कोणाला विचारायचा हेही ठरले. विखुरलेल्या रागाला वृत्तपत्र पत्ता मिळवून देते, असे आमचे मत आहे. राग लोकांचा असतो. तो कोणत्या कचेरीवर, कोणत्या कायद्यावर आणि कोणत्या अधिकाऱ्यावर रोखायचा, हे वृत्तपत्र सांगते. सरकारने १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. आपलाच कायदा रयतेला वाचून दाखवला जाणे हे राज्यकर्त्यांना किती झोंबले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

साक्षर लोक इतके थोडे असताना एका साप्ताहिकाचा एवढा परिणाम कसा झाला?

१९०१ च्या शिरगणतीनुसार हिंदुस्थानात शंभरात जेमतेम पाच-सहा माणसे साक्षर होती. पण अंकांचा खप आणि अंकांचा प्रसार या त्या काळी फार वेगळ्या गोष्टी होत्या. केसरी मंगळवारी निघत असे. रेल्वेने आणि टपालाने तो तालुक्याच्या गावी पोहोचला की शाळामास्तर, वकील, कारकून किंवा पाटील अशा एखाद्याच्या घरी एक अंक येई, आणि तो चावडीवर, देवळाच्या ओवरीत किंवा दुकानाच्या फळीवर बसून मोठ्याने वाचला जाई. ऐकणारे प्रश्न विचारत आणि वाचणारा आपल्या परीने उत्तर देई. एका अंकामागे किती कान होते याची मोजणी कोणी केलेली नाही.

लेखनाची घडणही त्याला साजेशी होती. टिळकांच्या अग्रलेखांचे मथळे पाहिले तर ते कानासाठी घडवले आहेत हे जाणवते. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ६ जुलै १८९७ चा मथळा एकदा ऐकला की विसरत नाही, आणि ज्याने लेख वाचलेला नाही तोही तो दुसऱ्याला सांगू शकतो. त्याच्या पुढच्याच आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हा मथळा आला. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी त्याच मंडळींचा ‘मराठा’ हा इंग्रजी पत्राचा वेगळा मार्ग होताच, आणि सरकारी अधिकारी तोही वाचत.

छापील मजकुराला दुसरी जोड होती ती उत्सवांची. १८९३ नंतर सार्वजनिक स्वरूपात आलेला गणेशोत्सव, त्यातील मेळे, आणि १८९६ मध्ये रायगडावर सुरू झालेला शिवोत्सव यांची हाक केसरीतून जाई, वर्णने केसरीत येत आणि ती वाचून पुढच्या वर्षी आणखी गावे उत्सव करीत. शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी केसरीने निधी उभारला तेव्हा लहानसहान गावांतून अगदी छोट्या रकमा आल्या. पैसे पाठवणारा माणूस त्या क्षणी वाचक उरत नाही, तो चळवळीचा सभासद होतो.

१८९७ साली पुण्यात नेमके काय घडले?

मुंबईत १८९६ मध्ये आलेली प्लेगची साथ पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात पसरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. घरझडतीसाठी गोरे शिपाई लावले गेले. ते पेठांतील घरांत शिरत, देवघरापर्यंत जात, सामान बाहेर काढून जाळत, आणि पुरुषांबरोबर स्त्रियांचीही तपासणी होई. रोगी इस्पितळात आणि घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत नेले जात.

केसरीची सुरुवातीची भूमिका आज वाचताना अनेकांना आश्चर्य वाटते. प्लेग आवरायला कडक उपाय हवेत, हे टिळकांनी मान्य केले होते. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी बोल लावला, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ काढण्यात भाग घेतला. त्यांची टीका होती ती पद्धतीवर. गाऱ्हाणी घेऊन गेलेल्यांना दाद मिळेनाशी झाली तसतसा केसरीचा सूर चढत गेला.

१२ जून रोजी शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. १५ जूनच्या अंकात त्याचा वृत्तांत आला. अफझलखानाच्या वधावरील व्याख्यान आणि चर्चा त्यात होती, परोपकारबुद्धीने केलेल्या वधाचे पाप लागत नाही असा युक्तिवाद होता, आणि ‘भवानी तलवारीची खूण’ या सहीने एक कविताही होती, जिच्यात महाराज आपल्या देशाची आजची दशा पाहून उद्विग्न होतात. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गाड्या गणेशखिंडीतून परतत असताना, चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मरण पावले, रँड ३ जुलैला.

मग रँडच्या खुनाची जबाबदारी केसरीवर येते का?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. कायद्याच्या अंगाने उत्तर सोपे आहे. टिळकांवर खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवलेला नव्हता. आरोप राजद्रोहाचा होता. चापेकर बंधूंची मंडळी स्वतंत्र होती, त्यांची मते त्यांची स्वतःची होती, आणि रँडविषयी त्यांना वाटणारा संताप त्यांनी पेठांत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींतून आलेला होता. लेख आणि खून यांच्यात सात दिवसांचे अंतर आहे, म्हणून लेखामुळे खून झाला, असे म्हणणे हा पुरावा नव्हे. सरकारधार्जिण्या इंग्रजी पत्रांनी मात्र तोच पुरावा मानला आणि टिळकांवर खटला भरा, असा धोशा लावला. अशांत काळात वृत्तपत्रे जशी प्रजेला हलवतात तशीच सरकारलाही हलवतात, हे त्यावरून लक्षात यावे.

तरीही केसरीचा काहीच संबंध नव्हता, असे म्हणून मोकळे होता येत नाही. घराघरांत शिपाई शिरत असलेल्या शहरात, जेथे प्रत्येक ओळ कान देऊन ऐकली जात होती, तेथे वधाच्या नैतिकतेची चर्चा ही केवळ इतिहासाची चर्चा राहत नाही, आणि टिळकांसारख्या संपादकाला हे समजत नसेल असे मानणे म्हणजे त्यांची कुवत कमी लेखणे होय. आमच्या मते केसरीने त्या वर्षी कट रचला नाही. पण प्रतिकार ही विचार करता येण्यासारखी गोष्ट आहे, हे हजारो लोकांच्या मनात त्याने रुजवले. त्यातून कोणी अर्ज लिहिला, कोणी उत्सव केला, कोणी पिस्तूल उचलले. शेवटच्या निवडीचा जबाब निवड करणाऱ्याकडे जातो. पहिल्या वाक्याचा जबाब मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतो.

खटल्यात काय झाले?

२७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. बॅरिस्टर दिनशा दावर यांनी त्यांच्यासाठी जामिनाचा अर्ज केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष. १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे मॅक्सम्युलर यांच्यासह इंग्लंडमधील अनेक मान्यवरांनी सह्या केलेला अर्ज गेला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये टिळकांची मुदतीपूर्वी सुटका झाली. टिळकांच्या अटकेच्याच सुमारास, जुलै १८९७ मध्ये, सरकारने पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली कोणताही खटला न चालवता स्थानबद्ध केले.

त्या काळी बातमीची खातरजमा होत असे का? चुकीच्या बातमीचे काय परिणाम झाले?

दोन प्रकरणे सांगण्यासारखी आहेत, आणि दोन्ही आजच्या पत्रकारांनी नीट वाचावीत.

पहिले कोल्हापूरचे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो, अशी सर्वत्र कुजबूज होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुढे आली आणि केसरी व मराठा यांनी त्यांच्या आधारे लिहिले. पत्रे बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दिलगिरी व्यक्त करूनही १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली, आणि सूट वजा जाता १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. छत्रपतींविषयीची लोकांची काळजी खरी होती, पण पुरावा खोटा होता. सुटकेनंतर लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. त्या स्वागताने बनावट पत्रे खरी झाली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरे गोखल्यांचे. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले, की झडतीच्या वेळी शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. पार्लमेंटात प्रश्न आले. परत आल्यावर ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणी नावानिशी पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यांच्यावर पुण्यात टीकेची झोड उठली. लोकांची खरी गाऱ्हाणी भरपूर होती, परंतु सिद्ध न करता आलेल्या एका आरोपामुळे सरकारला ती सगळीच झटकून टाकण्याची सोय झाली. जुलमाच्या काळात साक्षीदार घाबरतात हे खरे, आणि म्हणूनच बातमीदाराला त्या काळात जास्त कष्ट घ्यावे लागतात.

सरकार वृत्तपत्रांवर नजर कशी ठेवत असे?

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांसाठी वेगळा कायदा केला होता. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, आणि लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. पण कायदा गेला तरी वाचन थांबले नाही. प्रांतोप्रांती सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रे वाचत, त्यांतील उतारे इंग्रजीत करीत, आणि त्यांचा गोपनीय अहवाल वरिष्ठांकडे जाई. कोणत्या पत्राचा संपादक कोण, खप किती, सूर कसा, अशा नोंदी ठेवल्या जात.

या अहवालांमुळे एक विचित्र उपकार झाला आहे. ज्या पत्रांच्या फायली आज कोठेच शिल्लक नाहीत, त्यांतील काही मजकूर केवळ या पाळतीमुळे टिकला. मात्र अभ्यासकांनी एक सावधगिरी बाळगावी: भाषांतरकार राजद्रोह शोधत होता. नगरपालिकेचा नळ, शाळेची इमारत, धान्याचे भाव, पंचांगाचा वाद असा जो मजकूर पत्रांत रकानेच्या रकाने भरून असे, त्याला अहवालात क्वचितच जागा मिळाली. केवळ हे उतारे वाचून त्या काळची मराठी वृत्तपत्रे म्हणजे सतत धगधगणारी आग होती, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल.

राजद्रोहाचे कलम कोठून आले? ते आज लागू आहे का?

भारतीय दंडविधानात १२४-अ हे कलम १८७० मध्ये घालण्यात आले. संमतिवयाच्या विधेयकावर टीका करणाऱ्या कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ या पत्रावर १८९१ मध्ये खटला झाला. तेथे ज्युरीचे एकमत झाले नाही. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावून सांगताना सरकारविषयी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, इतका व्यापक अर्थ लावला. १८९८ मध्ये कलमात दुरुस्ती झाली आणि वर्गावर्गांत द्वेष पसरवण्याविषयीचे १५३-अ हे कलम जोडले गेले. १९२२ मध्ये ‘यंग इंडिया’तील लेखांसाठी गांधीजींना याच १२४-अ कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी शिक्षा सुनावताना टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १२४-अ चा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिचे १५२ वे कलम देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे.

१९०८ चा खटला पहिल्यापेक्षा वेगळा का मानला जातो?

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी फेकलेल्या बाँबने, ज्याच्यासाठी तो होता तो न्यायाधीश वाचला आणि दोन इंग्रज स्त्रियांचा बळी गेला. केसरीने १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख लिहिले. बाँबचे समर्थन त्यांत नाही. दडपशाहीने सनदशीर मार्ग बंद केले की काही तरुण माथेफिरू होतात, आणि आणखी दडपशाही हा त्यावरचा उपाय नव्हे, असा त्यांचा आशय आहे. हत्येचे कारण सांगणे आणि हत्येला पाठिंबा देणे यांतला फरक सरकारला मान्य करायचा नव्हता.

२४ जूनला अटक झाली. घरझडतीत स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड सापडले, आणि सरकार पक्षाने ते पुरावा म्हणून दाखल केले. त्याच सुमारास स्फोटकांविषयी कायदा झाला होता आणि त्यावर लिहिण्यासाठी आपण ती नावे टिपली होती, असे टिळकांनी सांगितले. न्यायासनावर होते दिनशा दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता. या वेळी बॅरिस्टर जिना यांनी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनीच फेटाळला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. ते २१ तासांहून अधिक वेळ बोलले. सरकारी भाषांतरातील चुका, वृत्तपत्राचे कर्तव्य, अँग्लो-इंडियन (म्हणजे हिंदुस्थानातील इंग्रजांच्या) पत्रांनी आधी केलेली चिथावणी, इंग्लंडमधील मुद्रणस्वातंत्र्याची परंपरा, असे सगळे मुद्दे त्यांनी ज्युरीपुढे ठेवले. २२ जुलैला रात्री दहाच्या सुमारास निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड झाला. ही शिक्षा त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली आणि जून १९१४ मध्ये ते सुटले.

मानवी न्यायालयाहून श्रेष्ठ शक्ती जगाचे नियमन करते, या आशयाचे त्यांचे शेवटचे निवेदन मुंबई उच्च न्यायालयात फलकावर कोरलेले आहे. ज्या वास्तूत शिक्षा झाली तिनेच ते मिरवावे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला तो केसरी वाचून का?

निकालानंतर २३ ते २८ जुलै असे सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवसांचा संप, अशी त्यामागची भावना सांगितली जाते. कापडबाजारही बंद राहिला, रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. हिंदुस्थानातील कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप मानला जातो, आणि लेनिननेही त्याच वर्षी त्याची दखल घेतली.

केवळ वृत्तपत्र वाचून लाखभर माणसे काम सोडत नाहीत. गिरणगावातील बहुतेक कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून आणि देशावरून आलेले होते, गावच्या खोल्या आणि मंडळे यांतून एकमेकांशी बांधलेले होते, आणि विजेचे दिवे आल्यापासून लांबलेल्या कामाच्या तासांनी पिचलेले होते. स्वदेशी आणि दारूबंदीच्या सभा त्यांच्या वस्तीत होत होत्या. टिळक स्वतः जूनमध्ये त्यांच्यापुढे बोलले होते. अशा जमलेल्या माणसांत वृत्तपत्राने एक नाव, एक खटला आणि एक तारीख सर्वांच्या तोंडी एकाच वेळी पोहोचवली. खटल्याचे रोजचे वृत्तांत वाचले जात होते, आणि निकाल कधी लागणार हे प्रत्येक चाळीला ठाऊक होते. एकाच दिवशी एवढी माणसे थांबली ती त्यामुळे.

उघड लिहिता येत नसे तेव्हा पत्रकार काय करीत?

वक्रोक्ती करीत. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये पुण्यात ‘काळ’ काढला, आणि स्तुतीच्या भाषेत निंदा करण्याची त्यांची हातोटी अशी होती, की वाक्य वाचून वाचकाला अर्थ कळे पण सरकारी वकिलाला ते वाक्य न्यायालयात सिद्ध करताना घाम फुटे. तरुण पिढीवर केसरीच्या तर्कशुद्ध लेखांइतकाच, काहींच्या मते त्याहून अधिक, या लेखनाचा परिणाम झाला. शेवटी १९०८ मध्ये परांजपे यांनाही राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या वृत्तपत्रविषयक कायद्याने छापखाना जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९१० च्या कायद्याने छापखान्याकडून जामीन म्हणून अनामत रक्कम मागण्याचा अधिकार आला. मोठ्या रकमेचा जामीन भरणे अशक्य होऊन ‘काळ’ बंद पडला. संपादकाला तुरुंगात टाकले तर तो लोकांचा वीर होतो. छापखान्यावर जामीन बसवला की पत्र गाजावाजा न होता मरते. १८९७ चा हा धडा सरकारने तेरा वर्षांत नीट गिरवला होता.

टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ कोणी म्हटले?

लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी, १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, आणि ते आरोप म्हणून. टिळकांनी त्यांच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले. आज हे विशेषण आपण गौरवाने वापरतो.

वृत्तपत्रांनी उठवलेले वादळ नेहमी पुढच्या दिशेनेच जाते का?

नाही, आणि १८९१ चे संमतिवयाचे प्रकरण त्याचा स्पष्ट दाखला आहे. मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणारे विधेयक आले, तेव्हा केसरीने त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्याचा मुद्दा होता, आणि त्यावर पुण्यात सभा उधळल्या गेल्या. केसरीचे पहिले संपादक असलेले गोपाळ गणेश आगरकर १८८७ मध्येच मतभेदामुळे बाहेर पडले होते आणि १८८८ पासून ‘सुधारक’ चालवत होते. त्यांनी विधेयकाची बाजू घेतली. आगरकरांच्या विचारांवर चिडलेल्या सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. राज्यसत्तेविरुद्ध जी लेखणी निर्भय होती, तीच लहान मुलींच्या प्रश्नावर रूढीच्या बाजूला उभी राहिली. टिळकांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या असंतोषात कोणाचा आवाज नव्हता?

फार लोकांचा. सत्यशोधक विचारांचे ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवले. शेतकरी, कामकरी आणि शूद्रातिशूद्रांची दुःखे त्यात येत. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली त्यामागे लोखंडे यांची संघटना आणि हे पत्र होते. म्हणजे १९०८ च्या संपाच्या कितीतरी आधी गिरणगावात छापील शब्दाची मशागत झालेली होती, आणि तिचे श्रेय क्वचितच दिले जाते.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘मूकनायक’ सुरू केला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला केसरीने नकार दिला, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. पारतंत्र्याविरुद्ध लोकमत घडवणाऱ्या पत्राच्या जाहिरातीच्या रकान्यातही अस्पृश्यांच्या पत्राला जागा नव्हती.

बाबासाहेबांच्याच ‘बहिष्कृत भारत’ या पुढच्या पत्राचा क्रम आणखी वेगळा आहे. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी महाडला आधी प्यायले गेले, आणि पत्राचा पहिला अंक ३ एप्रिलला निघाला. केसरीच्या बाबतीत लेखांनी लोकांना एकत्र आणले होते. येथे लोक आधी पाण्यापर्यंत चालत गेले आणि त्यांच्यावर झालेल्या हल्ल्याची, त्यांच्या बाजूची, पुढच्या सत्याग्रहाच्या तयारीची हकीकत नीट छापणारे पत्र त्यांना नंतर लागले. कारण प्रस्थापित पत्रांनी दिलेला वृत्तांत त्यांचा नव्हता. बाबासाहेब चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहीत असत. हाताशी दुसरा लेखक नव्हता, वर्गणीदार थोडे आणि गरीब होते, आणि १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद करावे लागले. त्याच्या पुढच्या वर्षी ‘जनता’ निघाला.